गायरान, वनहक्क आणि बायका: मराठवाड्यात जंगल-हवामानाच्या कामाला नव्यानं लागलेल्यांसाठी

वनीकरण, पाणलोट, पोकरा (बदलत्या हवामानात शेती तगवायचा सरकारी प्रकल्प), सामूहिक वनहक्क (जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क), नाहीतर एखाद्या संस्थेचा क्लायमेटचा प्रोजेक्ट, यातल्या कुठल्याही कामाला मराठवाड्यात नुकत्याच लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. तुमच्या हातात जो फॉर्मॅट पडतो त्यात 'महिला सहभाग' असा रकाना असतोच, आणि बहुतेक ठिकाणी तो मीटिंगच्या फोटोवरून आणि हजेरीच्या अंगठ्यांवरून भरून टाकतात. फोटोत पंचवीस बायका, डोक्यावर पदर, मागच्या रांगेत. त्यातल्या किती जणींना माहिती असतं की अंगठा कशावर उठवला? रोपं कुठली लावायची, तार कुठून ओढायची हे ठरलं तेव्हा त्या होत्या का? बहुतेक वेळा नव्हत्या, ते आधीच चहाच्या टपरीवर ठरलेलं असतं.

म्हणून मी जी पद्धत सांगते ती मीटिंगपासून सुरूच होत नाही, ती कामापासून सुरू होते. गायरानातलं, जंगलातलं, पाण्याचं काम रोज कोण करतं, त्या जमिनीचा आणि झाडाचा कागद कोणाच्या नावावर आहे, आणि पैसा शेवटी कोणाच्या हातात पडतो, एवढे तीन प्रश्न घेऊन गावात फिरायचं. मीटिंग नंतर, बऱ्याच नंतर.

आधी गावातलं जंगल शोधा

मराठवाड्यात जंगल म्हणलं की लोकांना खरं वाटत नाही. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्यालाही पोचत नाही. सलग सागाचं रान बघायचं तर किनवट-माहूरकडं जावं लागतं, तिथं गोंड, कोलाम, आंध, परधान लोकांची गावं आहेत, बंजारा तांडे आहेत, पैनगंगा अभयारण्य आहे. कन्नडला गौताळा, धाराशिवकडं येडशीचा रामलिंग घाट, बीडमधे पाटोद्याजवळ नायगावचं मोरांचं अभयारण्य, बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ. बाकी सगळीकडं जंगल म्हणजे गायरान, ओढ्याकाठच्या बाभळी, माळावरचा पळस, बांधावरचा लिंब आणि देवाच्या नावानं राखलेली चार झाडं.

जागा कोणाची हे तलाठ्याकडून आणि वनखात्याकडून आधी नीट समजून घ्या कारण नियम जागेप्रमाणं बदलतो. वनजमीन असेल तर वनहक्क कायदा आणि संयुक्त वन व्यवस्थापन समिती, गायरान असेल तर महसूल आणि ग्रामपंचायत, आणि किनवट-माहूर भागातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) लागू आहे, म्हणजे मोह, तेंदू, डिंक अशा गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क आहे.

गायरानाचं मात्र जरा थांबून बघा. कागदावर ती पडीक जमीन असते, पण तिच्यावर पोट असतं. भूमिहीन दलित घरं, पारधी, भटके, आणि त्यातही बायका, शेळ्या घेऊन जाणाऱ्या, सरपण आणणाऱ्या, पावसाळ्यात तरोट्याची आणि कुर्डूची भाजी खुडणाऱ्या. गायरान कसणाऱ्यांची लढाई आपल्याकडं जुनी आहे. १९९१ च्या शासन निर्णयानं भूमिहीन दलित-आदिवासींची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तरी आजही कित्येक घरांकडं सातबारा नाही. अशा ठिकाणी तुम्ही वृक्षलागवड आणली, चर खणले, तार मारली, चराईबंदी लावली, तर झाडं वाढतीलही. पण दोन शेळ्यांवर पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागवणारी बाई त्या शेळ्या बाजारात नेऊन विकते, आणि तुमच्या अहवालात तिचं नाव कुठंच येत नाही, कारण ती मीटिंगला नव्हती आणि तिची जमीनही नव्हती. त्यामुळं तार ओढायच्या आधी गायरानावर सकाळी आणि संध्याकाळी जाऊन बसायचं, कोण येतं, काय नेतं, कुठल्या वाटेनं जातं ते वहीत लिहायचं. हे काम कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही.

बायकांना कुठं आणि कधी भेटायचं

सकाळी अकराची बैठक मारुतीच्या पारावर ठेवली तर बायका येणार नाहीत आणि आल्या तरी बोलणार नाहीत. पारावर सासरे असतात, मोठे दीर असतात. त्यांच्यापुढं खुर्चीवर बसायचं, तोंड वर करून बोलायचं म्हणजे घरी गेल्यावर त्याचं ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा खुरपणी चालू असेल तिथं दुपारी भाकरीच्या सुट्टीला बांधावर जा. गिरणीत दळणाच्या नंबराला बसलेल्या असतात तिथं जा. पाण्याच्या टाकीपाशी, अंगणवाडीत, वस्तीवर रात्री जेवणं झाल्यावर. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना आधी भेटा, कोणत्या घरात सून बोलू शकते आणि कोणत्या घरात आधी सासूबाईंशी बोलावं लागतं हे त्यांना पक्कं माहीत असतं. आणि सासूबाईंना बाजूला सारून काही करायला जाऊ नका. त्या विरोधात गेल्या तर सून पुढच्या बैठकीला दिसत नाही, त्या बाजूनं आल्या तर सगळी आळी येते.

गावात एक बैठक घेतली म्हणजे 'गावातल्या महिला' झाल्या असं धरू नका. मोठ्या आळीत ठेवली तर मातंग वस्तीतल्या, बौद्धवाड्यातल्या बायका येतीलही, पण दाराशी उभ्या राहतील, आणि विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेली बाई तर कोणी बोलावल्याशिवाय येणारच नाही. प्रत्येक वस्तीत वेगळं जा, मोहल्ल्यात वेगळं, तांड्यावर वेगळं. तुम्ही पुरुष असाल तर सोबत बाई सहकारी पाहिजेच, नसेल तर गावातलीच एक शिकलेली मुलगी मानधन देऊन सोबत घ्या. फुकट नको.

पहिला प्रश्न 'तुमच्या समस्या काय' असा विचारू नका. त्याला ठरलेली उत्तरं येतात, रस्ता, नाली, घरकुल. 'आज उठल्यापासून काय काय केलं' असं विचारा. चोवीस चिंचोके मांडा, एक चिंचोका म्हणजे एक तास, आणि त्यांनाच वाटू द्या, झोपेला किती, पाण्याला किती, सरपणाला, शेतात, चुलीपाशी, शेळ्यांमागं. मग तेच गड्यांसोबत वेगळं करा आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी चिकटवा. मी बघितलंय, गडी माणसं आधी म्हणतात असं काही नसतंय, मग गप्प बसून कागद बघतात, आणि त्यानंतर पाण्याच्या टाकीच्या जागेची किंवा सरपणाच्या झाडांची चर्चा एकदम वेगळ्या सुरात होते. भाषण देऊन हे होत नाही.

वर्षाचं कॅलेंडर, आणि त्यात ऊसतोड

दिवसाचं झालं की वर्षाचं मांडा. जून-जुलैत पेरणी आणि लागवड एकदम येते, मग खुरपण, सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, तुरी. बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या कित्येक तालुक्यांत दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात, माणसं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादमाकडून नवरा घेतो, बाईच्या मजुरीचा वेगळा हिशोबच दिसत नाही. आता विचार करा, तुमच्या वरच्या ऑफिसनं आराखड्याची ग्रामसभा जानेवारीत लावली, तर कोण असणार तिथं? म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांना बाहेर जायची गरज नाही ते. म्हणजे ज्या घरांना हवामानाचा सगळ्यात जास्त फटका बसतो तीच घरं आराखड्याच्या बाहेर. आराखडा ऊसतोड निघायच्या आधी तरी करा, नाहीतर परत आल्यावर एप्रिल-मेमधे करा. मार्च एंडची घाई असते हे मला माहितीय, पण ही तारीख वरच्यांशी भांडून बदलून घ्या.

अजून एक. बीडच्या ऊसतोड बायकांमधे गर्भपिशवी काढलेल्यांचं प्रमाण किती मोठं आहे हे २०१९ मधे राज्यभर गाजलं, त्यावर सरकारनं समितीही नेमली. कमी वयात हे ऑपरेशन झालेली बाई तुमच्या कामावर येणार, आणि तुम्ही तिला खड्डे खणायला, डोक्यावर हंडे वाहून रोपं जगवायला लावणार. तब्येतीचं न विचारता, न चिडवता, हलकं काम तेवढ्याच मजुरीत मिळेल अशी सोय आधीच ठेवा. रोपवाटिकेत पिशव्या भरणं, कलमं, राखण, नोंदी ठेवणं, अशी कामं असतात, ती ओळखीच्या माणसांना वाटून टाकू नका.

शिवारफेरी, दोनदा

रोपांची यादी करायच्या आधी शिवारफेरी करतात, ती गड्यांसोबत वेगळी आणि बायकांसोबत वेगळी करा. यादीतला फरक तिथंच कळतो. गडी माणसं साग, बांबू, केशर आंबा, जे विकता येतं ते सांगतात, आणि त्यात काही चूक नाही. बायका वेगळ्या वाटेनं नेतात. बालाघाटातल्या एका गावात अशा फेरीत एक म्हातारी आजी पुढं होत्या, शेळ्या राखणाऱ्या. लागवडीसाठी 'रिकामा' म्हणून खूण केलेल्या तुकड्यात त्या थांबल्या आणि काठीनं दाखवायला लागल्या, ही हिवर, हिचा पाला शेळ्या खातेत, ही बाभूळ, उन्हाळ्यात शेंगा पडतेत तेवढ्यावर शेळ्या तगतेत, ही बोर, हे तरवड, याला शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून हे एवढं वाढलंय, आणि त्या खालच्या अंगाला मारवेल गवत यायचं, आता कुसळीच राहिलीय. मग म्हणाल्या, "हितं तार मारली तर शेळ्या कुठं न्यायच्या ते बी सांगा." त्या तुकड्याचा नकाशा कॉम्प्युटरवर हिरवा-पिवळा करून आमच्याकडं होताच, पण त्यात हे काहीच नव्हतं. शेवटी तो तुकडा तीन भागांत वाटला, आळीपाळीनं बंद ठेवायचा ठरला, बंद भागातलं गवत कापून न्यायला परवानगी, आणि रोपांत हिवर, बाभूळ, बोर, शेवगा, सीताफळ घेतलं.

तुम्हीही फेरीत हेच विचारा. उन्हाळ्यात चाऱ्याला काय लागतं, जळणाला कुठलं झाड पटकन फुटतं, कुठलं धूर करतं, औषधाला काय काय, विकायला काय, सणाला कुठला पाला लागतो. किनवटकडं मोह, तेंदूपत्ता, चारोळी, डिंक, बिब्बा, वेचणारे हात बहुतेक बायकांचे आणि वजनकाट्यावर पैसे घेणारा हात दुसऱ्याचा. ही साखळी कागदावर काढा, वेचलं कोणी, वाळवलं कोणी, विकलं कोणी, भाव कोणी ठरवला.

समिती: कायदा काय म्हणतो, आणि गावात काय होतं

कायदा आपल्या बाजूनं बराच आहे, फक्त तो तोंडपाठ पाहिजे. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, दुरुस्ती २०१२ ची. वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं, त्यात किमान एक तृतीयांश बायका. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बायका पाहिजेत, नाहीतर कोरम नाही. संयुक्त वन व्यवस्थापनासाठी केंद्रानं २००० साली ज्या सूचना काढल्या त्यात सर्वसाधारण सभेत निम्म्या बायका, कार्यकारिणीत किमान ३३ टक्के आणि पदाधिकाऱ्यांपैकी एक पद बाईकडं असं आहे. जैवविविधता समितीतही एक तृतीयांश. ग्रामपंचायतीत तर निम्म्या जागा. आणि महाराष्ट्रात नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती बऱ्याच गावांत फक्त रजिस्टरमधे होते. ती खरी घ्या. तुमच्या विषयाचे ठराव आधी तिथं होऊ द्या, आणि मग ग्रामसभेत एकटी बाई उभी राहून बोलायच्या ऐवजी 'महिला सभेचा ठराव आहे' म्हणून वाचला जाऊ द्या. हा फरक फार मोठा आहे.

संख्येचा उपयोग होतो का, हा प्रश्न तुम्हाला गावात आणि ऑफिसात दोन्हीकडं विचारतील. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा बारकाईनं अभ्यास केलाय. कार्यकारिणीत बायका पाव ते एक तृतीयांश झाल्या की त्या जास्त येतात, जास्त बोलतात, पदं घेतात, आणि जिथं बायका जास्त तिथं जंगलही जास्त सुधारलेलं दिसलं. त्यामुळं समितीत एक-दोन बायका घेऊन काम भागवू नका. एकटी बाई गप्प बसते. एकाच वस्तीतल्या तिघी असतील तर बोलतात, म्हणून वस्तीवार नावं घ्या, आणि सरपंचाची बायको, पोलीस पाटलाची सून एवढ्यावर यादी संपवू नका. शेळ्यावाली, वेचणारी, विधवा, भूमिहीन, यांच्यातून किमान निम्म्या घ्या.

बैठकीचे काही साधे नियम आहेत आणि ते मी कुठंही सोडत नाही. सगळे सतरंजीवर, नाहीतर सगळे खुर्चीवर. बाई सदस्याच्या जागी नवरा आला तर चहा द्यायचा, बोलू द्यायचं, पण सही नाही, हजेरी नाही. अजेंडा दोन दिवस आधी अंगणवाडीच्या भिंतीवर आणि तोंडीसुद्धा, कारण व्हॉट्सॲप ग्रुपमधे गडीच असतात. लहान पोरं सांभाळायला एक जण. अंधार पडायच्या आत संपवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इतिवृत्त तिथंच लिहून मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग सह्या. कोरा कागद, नंतर लिहू, आधी सह्या करा, असं कोणी म्हणलं तर तिथंच थांबवा. इतिवृत्त वाचल्यावर एखादी म्हणते, "मी असं नव्हतं म्हणलं, मी म्हणलं होतं पाणी आधी, झाडं मागून." ते तसंच लिहा. तिच्या शब्दांत.

कागदावर नाव

वैयक्तिक वनहक्काचा पट्टा विवाहित जोडप्यासाठी दोघांच्या नावावर निघतो, कायद्याच्या कलम ४(४) मधे स्पष्ट आहे, आणि एकट्या बाईचं घर असेल तर तिच्या नावावर. दावा भरतानाच नमुना अ मधे बायकोचं नाव नीट लिहिलंय का, आधारवरचं नाव आणि दाव्यातलं नाव जुळतंय का, माहेरचं-सासरचं आडनाव घोळ करतंय का, हे तपासा. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात पाहिजे आणि चार हेक्टरची मर्यादा, हे सगळ्यांना पाठ असतं, बायकोचं नाव मात्र राहून जातं. सामूहिक दाव्यात, नमुना ब आणि क मधे, बायकांनी सांगितलेलं वनोपज, वाटा, पाणवठे यायलाच पाहिजेत. जे दाव्यात लिहिलं नाही ते नंतर मागताना जड जातं.

खाजगी शेतीचं वेगळं. ठिबक, शेडनेट, शेततळं, फळबाग, सगळं सातबाऱ्यावर चालतं. पोकरा जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ ला सुरू झाला, मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते, आणि अर्ज भरायला बसलं की पहिला प्रश्न हाच, सातबारा कोणाचा. १९९२ च्या लक्ष्मी मुक्तीच्या परिपत्रकानं नवऱ्यानं स्वतःहून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केलीय. ज्या घरात नवरा तयार आहे तिथं तलाठ्याकडं नेऊन अर्ज करायला मदत करा, हे तुमच्या कामात बसत नाही असं म्हणू नका. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरात वारसनोंद झालीय का ते आधी बघा, कित्येक ठिकाणी सासऱ्याच्याच नावावर जमीन असते आणि विधवा सून राबते पण कुठल्याच योजनेत बसत नाही. आता झाडांच्या कार्बन क्रेडिटचे (झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे) करारही यायलेत, तेही जमीनमालकाशीच होतात. पाणी घालणारी एक आणि सही करणारा दुसरा, मग पैसा कोणाकडं जाणार हे सांगायला नको. करारात घरातल्या दोघांची नावं आणि दोघांची खाती मागा.

जमीन नावावर व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत काय? किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवात ज्या बायकांच्या गटांतून स्वयं शिक्षण प्रयोगचं काम उभं राहिलं, त्यांनी पुढं एक एकराचा रस्ता काढला. घरच्या जमिनीतला एकर-अर्धा एकर तुकडा बाईनं मागून घ्यायचा, त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं, डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी, घरात खाऊन उरलं तर विकायचं. सोयाबीन गेलं तरी त्या तुकड्यानं घर तगतं. ह्या कामाला २०१६ मधे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. तुमच्या गावात पाच जणी तयार झाल्या तरी सुरू करा.

पैसा

बजेट बनवताना 'जेंडर' म्हणून शेवटी एक ट्रेनिंगची ओळ टाकतात, तेवढ्यानं काही होत नाही. प्रत्येक कामाच्या ओळीत विचारा. कामावर पाळणा आहे का? रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात सहा वर्षांखालची पाच पोरं कामावर असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद होती, सावली, पाणी, प्रथमोपचार पण. तुमच्या प्रोजेक्टात लागू नसेल तरी तेवढं ठेवाच. खड्डे आणि चर जोडीनं करतात, गडी खणतो, बाई माती उपसते, मोजमाप एकत्र होतं आणि पैसे गड्याच्या नावावर जातात. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, दोघांची नावं वेगळी, मजुरी वेगळ्या खात्यात. खातं काढून दिलं की झालं असं समजू नका, मोबाईल नंबर कोणाचा जोडलाय ते बघा, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जात असेल तर खातं नावालाच तिचं.

रोपवाटिका बचत गटाला द्या, उमेदचे (सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळ) गट बहुतेक गावांत आहेत, पण करार लेखी करा. किती रोपं, किती उंचीची, किती भावानं, पैसे किती हप्त्यांत, पाऊस लांबला आणि लागवड पुढं गेली तर जास्तीच्या महिन्यांचं पाणी कोणाच्या खर्चानं. हा शेवटचा मुद्दा विसरतात आणि मग उन्हाळाभर बायका टँकरचं पाणी वाचवून रोपं जगवतात आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.

श्रमदानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आधीच चौदा-पंधरा तास राबणाऱ्या बाईला झाडं जगवायला फुकट बोलवू नका. पाणी घालायचं काम असेल तर त्याची मजुरी धरा, नाहीतर तेवढी झाडं लावू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्याच दिवसांत आसपासच्या खेड्यांत टँकरच्या रांगेत कोण उभं होतं ते आठवा. पाण्याचा, सरपणाचा वेळ कमी झाला नाही तर समितीत बसायला वेळ येणार कुठून? म्हणून लागवडीच्या आधी पाणवठा, घराजवळ सरपणाची झाडं, सुधारित चूल. उज्ज्वलाची टाकी घरात असते, पण पुन्हा भरायला पैसे नसले की चूलच पेटते, त्यामुळं 'गॅस आहे' असं लिहून सरपणाचा प्रश्न खोडून टाकू नका.

सुरक्षा

हे बायका पहिल्या दुसऱ्या बैठकीत बोलत नाहीत. लाकूडफाट्याला गेल्यावर अडवणारे, कामावरचा मुकादम, बैठकीहून उशिरा आलं म्हणून घरी होणारी मारहाण. तुमच्या संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं तक्रारींसाठी अंतर्गत समिती पाहिजे, आणि जिल्ह्याला स्थानिक समिती असते. दोन्हीचे नंबर कामाच्या फलकावर लिहा. वनखात्यात आता बाई वनरक्षक बऱ्याच आहेत, त्यांची गावातल्या बायकांशी ओळख करून द्या, पुढं खूप सोपं जातं. २०२० च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा शेतात कामाला जायचंच बंद झालं होतं. अशा वेळी सूचना बायकांपर्यंत कशी पोचणार, गटानं जायचं कसं, कोणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं असू द्या.

मोजायचं काय

वरून जेंडर ॲक्शन प्लॅन, म्हणजे बायका-पुरुषांच्या समानतेचा कृती आराखडा, मागतात त्यामागं कारण आहे. २०१४ मधे लिमाच्या हवामान परिषदेत यासाठी कार्यक्रम ठरला, २०१७ ला बॉनमधे कृती आराखडा आला, आणि हवामानाच्या कामांना पैसा देणारा आंतरराष्ट्रीय ग्रीन क्लायमेट फंड प्रस्तावासोबतच असा आराखडा मागतो. पण तो भरताना हजर बायकांचा आकडा एवढंच लिहिलं तर त्याला अर्थ नाही. मी हे बघते: बायकांनी मांडलेल्या किती गोष्टी ठरावात आल्या आणि त्यातल्या किती झाल्या, पट्ट्यावर आणि करारावर किती जणींची नावं, मजुरीचा किती हिस्सा त्यांच्या स्वतः वापरत असलेल्या खात्यात, पाणी-सरपणाचे चिंचोके दोन वर्षांनी किती कमी झाले, शेळ्या असलेल्या किती घरांनी शेळ्या विकल्या. प्रत्येक आकडा जात, भूमिहीन, एकल बाई असा फोडून. सरासरीत सगळं छान दिसतं आणि मातंग वस्तीत काहीच पोचलेलं नसतं. मोजणीही ऊसतोडीची माणसं गावात असताना करा.

चिंचोक्यांची मांडणी दर वर्षी त्याच बायकांसोबत करा आणि आधीचा कागद सोबत न्या, त्यांना दाखवा. आणि प्रोजेक्ट संपायच्या निदान एक पावसाळा आधी बंद तुकड्याचं गवत कोणाला, किती भावानं, पावती कोणाच्या नावानं, झाडं तोडायची वेळ आली तर पैसा कुठल्या खात्यात आणि त्या खात्यावर सह्या कोणाच्या, याचा ठराव आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत करून घ्या. सहीला दोन नावं असतील तर त्यातलं एक बाईचं, आणि चेकबुक कोणाच्या घरात ठेवायचं तेही ठरावात लिहा. ठरावाची प्रत ग्रामसेवकाकडून शिक्क्यासह घ्या, एक समितीच्या बाई पदाधिकाऱ्याकडं, एक अंगणवाडीत.